असू दे

कोपऱ्यावर कालपासून रोलर उभा आहे,
चाकाला दगड लावून.
आमच्या क्रॉसचा रस्ता झाला, डांबर उरलं.
सुपरवायझर बसलिंग फाटकातूनच म्हणाला,
"वैनी, गेट ते पायरी पन्नास फूट भरंल की नाही?
अर्ध्या पैशात मारून देतो बगा, काळं कुळकुळीत.
उद्या नऊला मशीन धारवाडला जातंय.
मग तुम्ही आणि तुमची माती."

पन्नास नाही, चाळीस.
अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात
तीन ट्रॅक्टर मुरूम ह्यांनी एकट्यानं पसरला,
डेपोतली रात्रपाळी करून आल्यावर, ग्रीसच्या कपड्यांतच.
धुम्मस आपटायचे तशी कपाटातली भांडी वाजायची.
उतार विहिरीकडे. फुटाला पाव इंच.
पाहुण्यांच्या बाइकच्या स्टँडखाली
डालड्याच्या डब्याचं झाकण सरकवायचे,
मुरमाला भोक पडू नये म्हणून.
मला लाज वाटायची.

आता ह्यांच्या वॉकरला चार पाय आहेत,
चारींना रबरी टोपणं,
आणि मुरूम टोपणं ठेवून घेतो.
चाळीस फुटांना वीस मिनिटं.
गेल्या गुरुवारी डावा पाय रुतला.
पडले नाहीत. कंपाउंडला धरून
मी भाजी घेऊन येईपर्यंत उभे होते.
तळहातावर चिऱ्याची नक्षी उठली होती,
ती मी संध्याकाळपर्यंत बघत होते.

राजन फोनवर म्हणतो, सील करून टाक एकदाचं.
सील मला शिकवू नकोस, म्हटलं.
एकतीस वर्षं पोस्टात लाख वितळवली मी.
सील करतात ते कुठेतरी, कुणीतरी
फोडावं म्हणूनच.
त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

पलीकडून गंगव्वा भिंतीवर हनुवटी टेकून:
"अक्का, करा की. पण तुमचं पाणी
माझ्या स्वैपाकघरात येणार नव्हं?"
रागानं नाही बोलली. नुसतं विचारलं.
तिच्या मागे शिट्टी वाजत होती कुकरची.

शेवटी ह्यांना विचारलं.
ह्यांना म्हणजे, जे परत आलेत त्यांना.
झटक्यानंतर बोलणं आलं ते कानडीतून आलं,
डेपोतलं, जॅकखालचं कानडी.
घरचं मराठी अजून वाटेत कुठेतरी अडकलंय.
डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी.
मी विचारलं, डांबर करायचं का हो?
बराच वेळ वाटेकडे बघून म्हणाले,
"इरली."

इरली. असू दे.
काय असू दे?
आहे ते असू दे, की
होतंय ते होऊ दे?
आमच्या भाषेतही ते तसंच आहे,
दोन्हीकडे दार असलेलं.
पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.
एक शब्द आणायला ह्यांना किती लांब जावं लागतं
ते मी रोज बघते.

दिवेलागणीला एक बादली ओतली वाटेवर,
नवीन मुरूम असताना हे ओतायचे तशी.
पाणी कितीत मुरतं ते बघायचं.
मी मनात मोजत होते.
पायरीवरून ह्यांचा आवाज आला,
ओंद, एरड, मूर,
मास्तरांसारखा, एकही न चुकता.
पाणी गेलं तेव्हा मी अकरावर होते,
हे ओंबत्त.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
कुणाचं बरोबर, हे कोण सांगणार?
माती तर कोरडी दिसत होती.

सकाळी साडेआठला बसलिंग फाटकाशी.
"हं, काय ठरलं?"
माझ्या तोंडून निघून गेलं, "इरली."
तो थबकला. मराठीत बोलणाऱ्या माझ्याकडे बघून
अगदी हळू म्हणाला,
"इरली अंद्र?"
मागे वॉकरचा आवाज येत होता, टक्,
मग खूप वेळ काही नाही, मग टक्.
"तीन फूट रुंदीचं जमतंय का, हातानं, धुम्मस मारून?
एका कडेनं. बाकी राहू द्या."
"तीन फुटाला मशीन लावत न्हाई कुणी, वैनी."
"मशीन नको म्हणतेय मी," म्हटलं.
"थांबा. टेप आणते."